खोक्यावरचा वेग, खोक्यावरची पाने : ऑल-इन-वन प्रिंटरची खरी चाचणी कशी घ्यावी?

लेखनिक_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात काम करतो. शाळेचा जुना प्रिंटर दुरुस्तीच्या पलीकडे गेला असून छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे करणारे एकच यंत्र घेण्याचे ठरले आहे. महिन्याला साधारण हजार पाने निघतात आणि परीक्षांच्या महिन्यांत हा आकडा तीन हजारांच्या घरात जातो. बोनाफाईड दाखले, जनरल रजिस्टरचे उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज ही रोजची किरकोळ कामे आहेत. प्रश्नपत्रिका मात्र एकगठ्ठा काढाव्या लागतात.

तीन दरपत्रके हाती आहेत. पहिले शाईच्या टाकीच्या यंत्राचे आहे. त्याच्या जाहिरातीत मिनिटाला ३३ पाने असे ठळक छापले आहे आणि माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत १० असा दुसराच आकडा आहे. दुसरे कार्ट्रिजच्या यंत्राचे असून किमतीला तेच सर्वांत स्वस्त आहे. तिसरे कृष्णधवल लेझरचे आहे. माझ्या मते हे सगळे आकडे गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठीच छापलेले असतात. ते बाजूला ठेवून वेग आणि चालवण्याचा खर्च आपल्या आपण तपासण्याची काही रीत कुणी बसवली आहे का?

गणकयंत्र

आकडे खोटे नसतात, पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, एवढा फरक मी करेन. आपण दिलेले ३३ आणि १० हे आकडे एप्सनच्या एल३२५० सारख्या यंत्राशी जुळतात. त्यातला ३३ हा ड्राफ्ट दर्जाचा वेग आहे, म्हणजे फिकट छपाई आणि शाईचा कमीत कमी वापर. १० हा आयएसओ/आयईसी २४७३४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेला वेग आहे. त्या मानकात वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ अशा ठरावीक फाइली यंत्राच्या मूळ सेटिंगवर, काही न बदलता छापल्या जातात. दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा हाच आकडा समोरासमोर ठेवावा. एकाचा ड्राफ्ट आणि दुसऱ्याचा आयएसओ असा मेळ घालू नये. दुकानदार नेमके तेच करतात.

या मानकातही एक मेख आहे. चाचणी तीन प्रकारे होते : फाइल एकदाच छापून, नंतर सुमारे अर्धा मिनिट चालेल एवढ्या प्रती काढून आणि शेवटी चार मिनिटे चालेल एवढ्या प्रती काढून. माहितीपत्रकात येणारा वेग पहिली प्रत वगळून काढलेला असतो. यंत्र झोपेतून उठते, संगणकाकडून मजकूर घेते आणि कागद ओढते, तो सगळा वेळ त्यातून गळतो. आपल्या शाळेत दिवसभर एकेक दाखला छापला जाणार असेल, तर नेमका तो गळलेला वेळच आपल्याला भोगावा लागेल.

झेरॉक्सवाले

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. तहसील कचेरीसमोर माझे दुकान आहे. सातबाऱ्याचे एक पान काढून घेण्यासाठी आलेल्या माणसाला यंत्र मिनिटाला किती पाने छापते याच्याशी कर्तव्य नसते. तो फक्त पहिले पान बाहेर येईपर्यंत काउंटरवर बोटे वाजवत उभा असतो. लेझर यंत्र झोपलेले असेल तर त्याचा फ्यूजर, म्हणजे पावडर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग, तापेपर्यंत थांबावे लागते. शाईचे यंत्र तापत नाही, पण तेही उठल्यावर हेडची (शाई फवारणाऱ्या भागाची) खुडबुड केल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून चाचणी घेताना यंत्र निदान अर्धा तास न वापरता ठेवावे, मग एकच पान पाठवून घड्याळ लावावे, आणि गठ्ठ्याची चाचणी वेगळी घ्यावी.

गठ्ठ्याच्या चाचणीत माणसाचा वेळही मोजा, हे मी आग्रहाने सांगेन. वर ज्या यंत्राचा उल्लेख आला त्याच्या मागच्या ट्रेमध्ये शंभर कागद बसतात आणि समोर छापून आलेले तीसच कागद नीट राहतात. दीडशे प्रश्नपत्रिका लावून तुम्ही चहाला गेलात, तर परत येईपर्यंत तीस समोर, बाकीच्या फरशीवर आणि कागद संपल्याचा दिवा लुकलुकत असेल. शिवाय या किमतीच्या टाकीच्या यंत्रांत पाठपोट छपाई बहुधा आपोआप होत नाही. एक बाजू झाली की गठ्ठा उलटून पुन्हा लावावा लागतो, आणि मधेच दोन पाने एकदम ओढली गेली की पुढच्या सगळ्या पाठी चुकतात.

उजवीबाजू

इतका खटाटोप कशासाठी? कृष्णधवल लेझर घ्या आणि विषय संपवा. मिनिटाला तीस पाने, पाण्याने न पसरणारी अक्षरे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिला तरी न सुकणारा टोनर, म्हणजे शाईऐवजी वापरली जाणारी पावडर. शाळेला रंगीत छपाईची गरजच काय?

लेखनिक_सांगली

@उजवीबाजू, रंगीत छपाई अगदीच लागत नाही असे नाही. विज्ञान प्रदर्शन, गुणवंतांची प्रशस्तिपत्रके आणि वर्गात लावायचे तक्ते यांसाठी दरवेळी बाहेर जावे लागते. पण मुद्दा मान्य आहे; रंग हा आमच्याकडे हौसेचा भाग आहे. खर्चाबद्दल कुणी आकडेमोड करून दाखवेल काय?

गणकयंत्र

करून पाहू. किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून मी सोयीचे ढोबळ आकडे धरतो. आपण आपल्या दरपत्रकातले घालावेत.

टाकीच्या यंत्राची काळी बाटली ६५ मिलिलिटरची आणि ४,५०० पानांची. ती ४०० रुपयांना धरली तर एका पानाला सुमारे ९ पैसे शाई लागते. तीन रंगीत बाटल्या मिळून ७,५०० पाने. इथे पुष्कळांची गल्लत होते, कारण हा आकडा एकेका बाटलीचा नसून तिन्ही मिळून असतो. त्यांचे १,२०० रुपये धरले तर १६ पैसे, म्हणजे काळ्यासह रंगीत पान २५ पैशांना पडते.

कार्ट्रिजच्या यंत्रात, उदाहरणार्थ एचपी ६८० या जोडीत, काळ्याची ४८० पाने आणि रंगीतची १५० पाने सांगितली जातात. प्रत्येकी ९०० रुपये धरा. काळे पान १ रुपया ८८ पैसे आणि रंगीत भाग ६ रुपये. आपल्या तीन दरपत्रकांतले सर्वांत स्वस्त यंत्र ते हेच. महिन्याला हजार काळी पाने छापली, तर टाकीच्या तुलनेत दरमहा सुमारे १,८०० रुपये जादा जातील आणि वाचवलेली किंमत काही महिन्यांतच भरून निघेल.

लेझरमध्ये टोनर आणि ड्रम (पानाची प्रतिमा कागदावर उतरवणारे नळकांडे) वेगवेगळे आहेत की एकत्र, हे आधी विचारावे. ब्रदरच्या पुष्कळ यंत्रांत ते वेगळे असतात. टोनर २,६०० पानांचा आणि ड्रम १२,००० पानांचा, असा हिशेब घेऊन टोनर ३,००० रुपयांना आणि ड्रम ५,००० रुपयांना धरला, तर १ रुपया १५ पैसे अधिक ४२ पैसे होतात. दुकानदार बहुधा टोनरचेच सांगतो. ड्रमचे नाव तो बदलायची वेळ आल्यावर निघते.

आता कागद. ७५ जीएसएमचे पाचशे कागदांचे रीम ३०० रुपयांना धरले तर एक कागद ६० पैशांना पडतो. टाकीच्या यंत्रात ९ पैशांची शाई आणि ६० पैशांचा कागद, म्हणजे तिथे शाई वाचवण्यासाठी ड्राफ्टमध्ये छापणे जवळजवळ निरर्थक आहे. पाठपोट छापल्याने बाजूमागे ३० पैसे वाचतात. शाई अगदी फुकट मिळाली असती तरी एवढी बचत झाली नसती.

झेरॉक्सवाले

लेझरचा हिशेब कंपनीच्या टोनरवर धरला आहे, पण जिल्ह्याच्या गावात तो कोण विकत घेतो? एचपीचे १२ए किंवा ८८ए हे टोनर कार्ट्रिज असेल तर पावडर भरून देणारा माणूस दुचाकीवरून दारात येतो आणि दोन-अडीचशे रुपयांत काम होते. मूळ १२ए ची पाने २,००० सांगितली आहेत. भरलेल्याची तितकी निघतीलच असे नाही, पण अर्धी निघाली तरी पानामागचा खर्च शाईच्या यंत्राच्या जवळपास येतो. एक मात्र खरे की हलकी पावडर असली की पानावर राखाडी झाक येते, ड्रम लवकर झिजतो आणि पानाच्या एकाच अंतरावर काळा ठिपका दिसू लागतो. तो ठिपका ड्रमच्या घेराइतक्या अंतराने परत येतो, त्यावरून दुखणे कुठे आहे ते ओळखता येते.

बाकी शाईची टाकी ही कल्पनाही कंपन्यांना आकाशातून सुचली नाही. आमच्यासारखे लोक कार्ट्रिजच्या यंत्राला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून घेत होतेच. इंडोनेशियात तर हे फार फोफावले होते. एप्सनने २०१० मध्ये टाकीचे पहिले यंत्र तिथेच आणले आणि पुढच्या वर्षी ते आपल्याकडे आले.

रत्नागिरीकर

सर्व हिशेब वाचला, परंतु त्यात हवामानाची रक्कम दिसली नाही. कार्ट्रिजची पाने मोजण्याची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत, यंत्र सलग चालवून घेतली जाते. आमच्याकडे आषाढात रीम फोडून दोन दिवस उघडे ठेवले की वरच्या कागदांना बाक येतो. मग कधी दोन कागद एकदम जातात, कधी लेझरमध्ये फ्यूजरपाशी चुणी पडते. पावसाळ्यात आम्ही फोडलेले रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवतो आणि लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घालतो. वाया गेलेली पाने खर्चात धरायची असतील तर चाचणी आपल्याच कागदावर, आणि जमल्यास पावसाळ्यातच घ्यावी.

मुक्ता_ठाणे

मी घरून अनुवादाचे काम करते आणि महिन्याला जेमतेम तीस-चाळीस पाने छापते. माझा अनुभव सांगते, कारण वरचे सगळे गणित रोज चालणाऱ्या यंत्राचे आहे.

यंत्र आठवडाभर पडून राहिले की शाई हेडच्या छिद्रांत सुकते. मग हेड क्लीनिंग करावे लागते आणि त्यात चारही रंगांची शाई वाया जाऊन शोषकात, म्हणजे ती टिपणाऱ्या पॅडमध्ये, जाते. कंपनीने सांगितलेल्या पानांच्या आकड्यात या धुण्याचा हिशेब नसतो, कारण तिथे यंत्र थांबतच नाही. त्यातून आपल्याकडची सवय अशी, की काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करायचे. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केले तर हेड जागेवर जाऊन झाकणाखाली बसते. भिंतीवरून किंवा वीज जाऊन बंद झाले तर ते जिथे असेल तिथे उघडे राहते. लोडशेडिंगच्या गावांत हा फरक फार जाणवेल.

देवनागरीबद्दलही एक सुचवावेसे वाटते. कंपनीच्या चाचणीची पाने रोमन अक्षरांची असतात. आपण मराठी मजकूर छापून पाहा. एखादे छिद्र बुजले असेल तर पानावर आडवी पांढरी रेघ उमटते आणि ती नेमकी शिरोरेषेवर आली की अख्खी ओळ वरून कापल्यासारखी दिसते. रोमन मजकुरात तेवढाच दोष पटकन नजरेत येत नाही. दोन्ही दिशांनी छापताना हेड थोडे सरकले असेल तर काना दुहेरी दिसतो. ड्राफ्टमध्ये बारीक टाइपातले अनुस्वार आणि रफार पुसट होतात. गणिताच्या किंवा संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत हे चालणार नाही.

उजवीबाजू

@मुक्ता_ठाणे, महिन्याला चाळीस पाने छापण्यासाठी प्रिंटर कशाला ठेवता? दोन रुपयांप्रमाणे वर्षाचे हजार रुपयेसुद्धा होत नाहीत. झेरॉक्सवाले आशीर्वाद देतील तो वेगळाच.

झेरॉक्सवाले

आशीर्वाद देतो, पण रात्री अकरा वाजता शटर उघडून देणार नाही. ताईंचा प्रिंटर त्या वेळेसाठी आहे.

एडिसनवासी

इकडे अमेरिकेत शाईची मासिक वर्गणी हा प्रकार चालतो. महिन्याला अमुक पाने असे ठरलेले असते आणि यंत्र इंटरनेटवरून पानांची संख्या कळवते. पानावर दोन ओळी असोत की काठोकाठ भरलेला फोटो असो, वर्गणीत ते एकच पान धरले जाते. ज्याला मुलांच्या प्रकल्पांसाठी भरपूर रंग लागतो त्याला ते परवडते. ज्याची पाने बहुतांशी रिकामी असतात तो दुसऱ्याच्या फोटोंचे पैसे भरतो. वर्गणी बंद केली की आलेली कार्ट्रिजे शाई शिल्लक असतानाही काम करत नाहीत, हे सुरुवातीलाच वाचून घ्यावे लागते. मूळ प्रश्नाशी संबंध एवढाच, की प्रति पान खर्च काढताना पानावर किती शाई पडते हे आधी ठरवायला हवे.

गणकयंत्र

@एडिसनवासी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कृष्णधवल टोनरच्या आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकातील पान साधारण पाच टक्के भरलेले असते. शाईच्या यंत्रांसाठी २४७११ हे मानक आणि २४७१२ मधील पाच पानांचा संच वापरतात. निदान तीन यंत्रे, प्रत्येकात तीन कार्ट्रिजे, अशी निदान नऊ कार्ट्रिजे संपवून सरासरी काढली जाते. काम प्रामाणिक आहे, पण ते मोटारीच्या एआरएआय (वाहनांची चाचणी घेणारी संस्था) मायलेजसारखे आहे : दोन गाड्यांत डावेउजवे करायला उपयोगी, पेट्रोलचा खर्च काढायला निरुपयोगी. शाळेचे आवेदनपत्र, त्यातल्या जाड चौकटी आणि बोधचिन्ह, यांत पाच टक्क्यांहून अधिक शाई सहज जाते.

म्हणून आपला खर्च आपण मोजावा. टाकीचे यंत्र असेल तर टाकी वरच्या रेषेपर्यंत भरा, आपल्या नेहमीच्या फाइलींची पाचशे पाने छापा आणि पुन्हा त्याच रेषेपर्यंत शाई घाला. घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर बाटलीचे वजन करा. ६५ मिलिलिटरला ४,५०० पाने म्हणजे पाचशे पानांना सुमारे सव्वासात मिलिलिटर, वजनाने साधारण तेवढेच ग्रॅम. किराणा दुकानाचा काटा इथे उपयोगाचा नाही, सराफाचा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा हवा. बाटली दहा ग्रॅमने हलकी झाली, तर आपले पान कंपनीच्या पानापेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त शाई खाते असे समजावे. हा प्रयोग पहिल्या भरणीवर मात्र करू नये, कारण नवीन यंत्रात बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते.

लेझरमध्ये टोनरचे कार्ट्रिजच आधी आणि नंतर तोलावे. ज्या कार्ट्रिजमध्ये वाया गेलेली पावडर आतच साठते, त्यात वजनातली घट प्रत्यक्ष वापरापेक्षा थोडी कमी भरते, एवढे ध्यानात ठेवावे.

रत्नागिरीकर

विजेचाही हिशेब करावा काय?

गणकयंत्र

खर्चासाठी करायची गरज नाही, जोडणीसाठी करावा. शाईचे यंत्र छापताना दहा-बारा वॅट घेते, लेझर फ्यूजर तापवताना कित्येक शे वॅट ओढतो. हजार पानांमागे पडणारे विजेचे पैसे कागदासमोर नगण्य आहेत. परंतु संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर कधीही लावू नये.

हिशेबनीस

मी लेखापरीक्षणाच्या बाजूने लिहितो. @लेखनिक_सांगली, आपली खरी अडचण चाचणीची नसून दरपत्रकांची आहे. तीन दरपत्रके घेऊन त्यातले नीचतम स्वीकारायचे म्हटले, तर कार्ट्रिजचे यंत्रच निवडावे लागेल आणि नंतरची शाई सादिल (किरकोळ) खर्चातून गुपचूप वाढत राहील. यावर उपाय असा, की दरपत्रके मागवतानाच अटी नीट लिहाव्यात : महिन्याला किती पाने, त्यात काळी किती आणि रंगीत किती, आपोआप पाठपोट छपाई हवी की नको, स्कॅनसाठी कागद ओढणारा फीडर हवा की नको, आणि तुलना यंत्राची किंमत अधिक साठ हजार पानांची शाई किंवा टोनर व ड्रम, या एकूण रकमेवर होईल. साठ हजार म्हणजे महिन्याला हजार धरून आपली पाच वर्षांची पाने. मग १४,००० रुपयांचे यंत्रही पानामागे २३ पैसेच पडते आणि ते का घेतले, याचे उत्तर फाइलमध्येच राहते.

शोषकाच्या बदलीचा आणि हमीच्या कालावधीचा उल्लेखही मागावा. काही यंत्रांत वाया गेलेली शाई साठवणारा मेंटेनन्स बॉक्स आपण स्वतः बदलू शकतो. काहींत ते पॅड भरले की यंत्र छपाई थांबवते आणि सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. आपल्या शाळेपासून ते केंद्र किती लांब आहे यावरही बरेच अवलंबून आहे.

लेखनिक_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. खोक्यावरच्या आकड्यांवरचा माझा राग आता निवळला आहे, राग दुकानदारावर शिल्लक आहे. मुख्याध्यापकांशी बोलून दरपत्रके हिशेबनीस सरांनी सांगितलेल्या अटींवर पुन्हा मागवत आहोत. कार्ट्रिजचे यंत्र बाद. राहिली दोन : टाकीचे, पण आपोआप पाठपोट छापणारे, आणि कृष्णधवल लेझर. दोन्ही विक्रेते दुकानात प्रात्यक्षिक द्यायला तयार आहेत. आठवीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका, एक दाखला आणि आवेदनपत्र अशा तीन फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन जाणार आहे. पहिले पान, वीस प्रतींचा गठ्ठा, तोच गठ्ठा पाठपोट, आणि दहा पानी कागदपत्राची झेरॉक्स, एवढ्या वेळा नोंदवीन. आणखी काही?

मुक्ता_ठाणे

टाकीच्या यंत्राची पाठपोट छपाई नीट पाहा. पहिली बाजू वाळण्यासाठी यंत्र पान बाहेर धरून थांबते, त्यामुळे पाठपोटाचा वेग एकेरीपेक्षा बराच कमी येतो. माहितीपत्रकात त्याचा आकडा दिलेला असतो, पण शेवटच्या ओळीत.

उजवीबाजू

दीडशे प्रती पाठपोट म्हणजे तीनशे बाजू. मिनिटाला दहाच्या हिशेबाने अर्धा तास, आणि वाळण्याचे थांबे वेगळे. लेझरला थांबे धरूनही त्याच्या निम्म्याहून कमी. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शिपाईमामांना विचारा, ते कोणत्या यंत्राला मत देतात.

झेरॉक्सवाले

दुकानात जाताना शाळेचे फोडलेले रीम बरोबर न्या, तिथला शंभर जीएसएमचा गुळगुळीत कागद लावू देऊ नका. प्रात्यक्षिकाचे यंत्र आधी अर्धा तास बंद ठेवायला सांगा. आणि फीडरची चाचणी नव्या कोऱ्या पानांवर घेऊ नका. फाइलमधले, पिन काढलेले, कोपरा दुमडलेले जुने अर्ज घाला, कारण वर्षभर त्यातून तेच जाणार आहेत.